भाच्याच्या लघुपटाला नऊ 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार' मिळालेत. यातले खरे कुठले, कसं ओळखायचं?

अशोकचौक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय घरचा आहे, पण सिनेमा महोत्सवांची माहिती असलेली माणसं इथं आहेत म्हणून विचारतो.

माझा भाचा २२ वर्षांचा. दिवसा माझ्याच टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. त्यानं आमच्या आईवर, म्हणजे त्याच्या आज्जीवर, १४ मिनिटांचा लघुपट केलाय. घरात आम्ही सगळे तिला अम्मा म्हणतो. अम्मा चाळीस वर्षांहून जास्त काळ विड्या वळतेय. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, सूप मांडीवर घेऊन वळायला बसायचं, दोऱ्यानं बांधायचं आणि माल कारखान्यात नेऊन द्यायचा. सगळं शूटिंग मोबाइलवर, विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, तिच्या दीड खोलीत. संवाद आमच्या घरात चालतात तसेच, अर्धे तेलुगू, अर्धे सोलापुरी मराठी.

त्यानं तो ऑनलाइन बऱ्याच महोत्सवांना पाठवला. प्रवेश फीचे पैसे स्वतःच्या पगारातून भरले, मला नंतर कळलं. तीन महिन्यांत नऊ प्रमाणपत्रं आली. सर्वोत्कृष्ट पदार्पण, सर्वोत्कृष्ट सामाजिक चित्रपट, विशेष कामगिरी, असं बरंच काही. पोस्टरवर दोन्ही बाजूंनी पानांच्या डहाळ्यांची चिन्हं लागली. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकाची मेल आली की ट्रॉफी हवी असेल तर १३५ डॉलर भरा, कुरिअर वेगळं.

इकडे दाजींनी कन्ना चौकात लावायला फ्लेक्स तयार केलाय. 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार विजेता दिग्दर्शक' असा मजकूर आहे. पोराचा बाप आहे, त्याला आनंद होणारच. पण मला आतून काहीतरी टोचतंय. नऊ ठिकाणी बक्षीस मिळालं, आणि नऊपैकी एकाही ठिकाणी चार माणसांनी बसून पिक्चर पाहिला असं कुठं दिसत नाही. थिएटरचं नाव नाही, परीक्षक कोण ते नाही, एक फोटो नाही.

अम्माला सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "बाद किती काढले?" तिचा माल रोज कारखान्यात तपासला जातो. ढिल्या, वाकड्या विड्या बाजूला पडतात, त्याचे पैसे मिळत नाहीत. ती म्हणाली, "बाद काढत नसतील तर माल बघतच नसतील."

तेव्हापासून झोप नीट नाही. पोराचं मन न मोडता हे कसं तपासायचं?

उजनी_बॅकवॉटर

आधी तो फ्लेक्स थांबवा. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता करमाळ्याहून निघालोय.

मंगळवेढ्याची_ज्वारी

दादा, आधी भाच्याला माझ्याकडून शाबासकी द्या. चाळीस वर्षांचं काम १४ मिनिटांत बसवणं सोपं नसतं.

मी मूळची मंगळवेढ्याची, कॉलेज सोलापुरात, आता पुण्यात असते. एका महोत्सवासाठी तीन वर्षं लघुपटांच्या पहिल्या चाळणीचं काम केलंय. महोत्सवाचं नाव सांगत नाही, पण काम कसं चालतं ते सांगते. त्यावरून तुमचं तुम्हालाच उत्तर सापडेल.

आमच्याकडे एक फिल्म किमान दोघांनी बघायची, एकमेकांशी न बोलता. प्रत्येकानं मार्क द्यायचे आणि खाली चार ओळी शेरा लिहायचा. दोघांच्या मार्कांत फार अंतर पडलं की तिसरा बघणार. मी रोज रात्री नोकरीवरून आल्यावर आठ-दहा फिल्म बघायचे. डोळे चुरचुरायचे, पण शेवटच्या चौकटीपर्यंत बघायचा नियम होता. या चाळणीतून वर आलेल्या फिल्म प्रोग्रामर बघतात. तेच ठरवतात की कुठली फिल्म स्पर्धेत, कुठली बाहेर, कुठली कुणाच्या शेजारी दाखवायची. एका खेळात पाच लघुपट लावायचे तर त्यांचा एकमेकांशी काही संवाद हवा ना!

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. निवड करणारे वेगळे आणि ज्युरी वेगळी. निवड समितीनं शेकडो-हजारो बघितलेल्या असतात. ज्युरी शेवटी येते आणि स्पर्धेतल्या मोजक्याच फिल्म बघते, त्याही थिएटरात, प्रेक्षकांबरोबर. फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत साधारण वीस-बावीस चित्रपट असतात आणि ज्युरीत बहुतेक वर्षी नऊ जण. २०२४ ला ग्रेटा गर्विग अध्यक्ष होती. त्या नऊ जणांनी आपल्या पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला ग्राँ प्री दिलं, म्हणजे पाम दॉरनंतरचा दुसरा मोठा पुरस्कार. पण माझ्या मते खरी बातमी आधीच होऊन गेली होती, तो चित्रपट मुख्य स्पर्धेत निवडला गेला तेव्हा. त्याआधी भारतीय चित्रपट तिथे पोचला होता १९९४ ला, शाजी करुण यांचा 'स्वहम्'. मध्ये तीस वर्षं गेली.

लघुपटांची गर्दी तर विचारू नका. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला २०२५ साठी ११ हजारांवर लघुपट आले आणि निवडले ५७. उरलेले सगळे वाईट होते असं कुणीच म्हणणार नाही. म्हणून नकार आला तर भाच्यानं मनाला लावून घेऊ नये.

आता तुमचे नऊ. प्रवेश फी घेतली एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका, चांगले महोत्सवही फी घेतात. पण जो महोत्सव दर महिन्याला विजेते जाहीर करतो, ज्याच्याकडे शंभरावर पुरस्कार विभाग आहेत, ज्याला गाव नाही, पडदा नाही, परीक्षकांची नावं नाहीत, तो नुसता प्रमाणपत्रांचा छापखाना आहे. आणि विजेत्याकडून ट्रॉफीचे पैसे? गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सुवर्णमयूर या सर्वोच्च पुरस्काराबरोबर दिग्दर्शक आणि निर्मात्याला मिळून ४० लाख रुपये देतात. बक्षीस देणारा देतो, मागत नाही.

डॉ_होटगीरोड

ज्वारीताई, फार उपयोगाची माहिती. माझ्या पुतणीला असंच प्रमाणपत्र आलं होतं. आम्ही सोसायटीत पेढे वाटले होते.

सातरस्ता

एवढं सरळ नसतं हो. खरे म्हणवणारे महोत्सव काय धुतल्या तांदळासारखे आहेत? तिथंही ओळखीपाळखी चालते, वरून दबाव येतो. २०१७ ला इफ्फीत काय झालं आठवा. इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाच्या ज्युरीनं निवडलेले दोन चित्रपट यादीतून काढले. त्यातला एक आपल्या रवी जाधवांचा 'न्यूड', दुसरा मल्याळम 'एस दुर्गा'. मग निवडीला अर्थ काय राहिला? सोलापूरच्या पोराला कुणी विचारणार नाही. त्याला नऊ कागद मिळाले तर मिळू द्या. घरच्यांना आनंद होतोय, कुणाचं काय जातंय?

मंगळवेढ्याची_ज्वारी

सातरस्ता, उदाहरण अगदी खरं आहे, मलाही तेव्हा फार वाईट वाटलं होतं. पण पुढचंही सांगा. ज्युरीचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला, त्यांच्यामागे आणखी सदस्य बाहेर पडले. आपण बसून, बघून, भांडून केलेली निवड कुणी पुसली म्हणून माणसांनी खुर्ची सोडली. मला ज्युरी म्हणजे हे वाटतं. तुमच्या छापखान्यात राजीनामा द्यायला कोणी आहेच कुठे?

'कुणाचं काय जातंय' याचं उत्तर दादांनीच दिलंय वर. पोराच्या पगारातून पैसे जातायत. आणि उद्या तो खऱ्या ठिकाणी अर्ज करेल तेव्हा पोस्टरवरची ती नऊ चिन्हं बघून आमच्यासारखे लोक आधीच सावध होतात. हे कबूल करायला बरं वाटत नाही, पण होतं तसं.

तिसरी_घंटा

धागा सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. माझं वय ७१. सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

तरुणपणी आम्ही काही जणांनी सोलापुरात फिल्म सोसायटी चालवली होती. फार वर्षं टिकली नाही. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमधून किंवा एखाद्या वकिलातीकडून १६ मिलिमीटरच्या प्रिंट यायच्या. पत्र्याचे डबे स्टेशनवर उतरवून सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचे. रविवारी सकाळी खेळ. कधी तीस माणसं, कधी अकरा. गिरणीतून रात्रपाळी संपवून थेट येणारे दोघे होते, त्यांच्या केसांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. 'पथेर पांचाली'च्या दिवशी मध्येच दिवे गेले. पाऊण तास अंधारात बसलो, एकही माणूस उठला नाही.

त्याच चित्रपटाची कानमधली गोष्ट तुमच्या प्रश्नाशी जुळते म्हणून सांगतो. १९५६ साल. पहिल्या खेळाला परीक्षकांतले बरेच जण आलेच नव्हते. काही समीक्षकांनी, त्यात आंद्रे बाझाँ होते, आग्रह धरला की हा चित्रपट परीक्षकांनी बघितलाच पाहिजे. पुन्हा खेळ लागला. मग 'सर्वोत्तम मानवी दस्तऐवज' असा पुरस्कार मिळाला. मोठ्या महोत्सवातही चूक होते. पण चूक झाली असं ओरडणारी आणि पुन्हा पडदा उघडायला लावणारी माणसं तिथे होती. पुढच्याच वर्षी व्हेनिसला 'अपराजितो'ला सुवर्णसिंह, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला.

व्हेनिस जगातला सगळ्यात जुना चित्रपट महोत्सव, १९३२ पासूनचा. आणि तिथे १९३७ ला गाजलेला चित्रपट कुठला? आपल्या प्रभातचा 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. इटलीतल्या माणसाला अभंग कळला नसेल, पण टाळ धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव कळला. पुण्याच्या महोत्सवात मराठी स्पर्धेचा पुरस्कार आजही संत तुकारामांच्या नावानं देतात. तो महोत्सव उभा करणारे डॉ. जब्बार पटेल जन्मानं आपल्या पंढरपूरचे.

स्वातंत्र्याआधीचंच आणखी एक. १९४६ ला कानचा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला ग्राँ प्री मिळालं. पण त्या वर्षी एकूण ११ चित्रपटांना ते विभागून दिलं होतं. आपण सांगताना ते दहा जण गाळतो. मला वाटतं सांगावं, त्यानं 'नीचा नगर' लहान होत नाही.

अशोकचौक, तुमच्या आईंचा प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय.

पॉवरलूम_फिल्म्स

मी तोच भाचा. मामानं धागा काढला हे मला आज मित्रानं लिंक पाठवल्यावर कळलं. राग आला. आता थोडा कमी झालाय म्हणून लिहितोय.

मला माहीत नव्हतं असं नाही. चौथं प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यात फिल्मची भाषा 'हिंदी' लिहिली होती. माझ्या फिल्ममध्ये हिंदीचा एक शब्द नाही. तेव्हाच कळलं की बघितली नाही. पण तोवर बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते. बाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या लूमवर उभे राहिले, त्यांच्या तोंडून 'माझा मुलगा' असं इतक्या जोरात मी कधी ऐकलं नव्हतं. कसं सांगणार?

एकूण १९ ठिकाणी पाठवली होती. नऊ ठिकाणी पुरस्कार, आठ ठिकाणी काही उत्तर नाही, दोन ठिकाणी नकार. ते दोन नकार मी कुणाला दाखवले नाहीत. ज्वारीताई, तुमचं वाचून पहिल्यांदा वाटलं की त्या दोन ठिकाणी तरी कुणीतरी अम्माला शेवटपर्यंत बघितलं असेल.

मंगळवेढ्याची_ज्वारी

बघितलं असेलच, बाळा. आणि ते नकार जपून ठेव. फिल्मची लिंक मला खासगी निरोपातून पाठवशील? मला मनापासून बघायची आहे.

डॉ_होटगीरोड

तुझ्या बाबांना हा धागा वाचून दाखव. त्यांचा अभिमान तुझ्यावर आहे, कागदावर नाही.

उजनी_बॅकवॉटर

उशीर झाला, माफी. भाच्याचं वाचून गलबलून आलं.

मी जेऊरजवळचा. आमच्याकडे महोत्सव हा शब्द नागराज मंजुळेंमुळे घराघरात आला. 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा जेऊरचं नाव पहिल्यांदा असं पेपरात वाचलं. मग 'फँड्री'. मग 'सैराट', जो इथं एप्रिल २०१६ ला थिएटरात लागला, पण त्याआधी फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात तरुणांच्या विभागात दाखवला गेला होता. आमच्या रानातली केळी, आमची बोली, अकलूजची रिंकू राजगुरू, हे बर्लिनच्या पडद्यावर. भाच्या, पिस्तुल्याही लघुपटच होता हे लक्षात ठेव.

आणि पायल कपाडियाच्या चित्रपटातल्या छाया कदम ओळखल्यात ना? 'फँड्री'तली आई, 'सैराट'मधली सुमनअक्का. तीच बाई २०२४ ला कानच्या पायऱ्यांवर उभी होती.

आता एक महत्त्वाचं, कारण भाचा पुढे यात फसू नये. पेपरात 'अमुक मराठी चित्रपट कानमध्ये' असं वाचलं की दोन गोष्टी असू शकतात. कानमध्ये महोत्सवाबरोबरच चित्रपटांचा मोठा बाजार भरतो. तिथे पैसे भरून खेळ लावता येतो, वितरक बोलावता येतात. आपलं राज्य सरकारही दर वर्षी काही मराठी चित्रपट निवडून त्या बाजारात पाठवतं. काम चांगलं आहे, मराठी निर्मात्याला तिथं पाय ठेवायला मिळतो. पण बाजारात दाखवणं वेगळं आणि महोत्सवानं निवडणं वेगळं. तुळजापूर वेशीत दुकान मांडलं म्हणून कुणी देवीचा पुजारी होत नाही, तसंच हे.

खऱ्या निवडीची ताजी मराठी उदाहरणं भरपूर आहेत. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' २०१४ ला व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, पदार्पणाचा पुरस्कारही त्यालाच. २०२० ला त्यांच्याच 'द डिसायपल'ला व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' २०२३ ला टोरोंटोत. २०२५ ला रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला सनडान्सचा ग्रँड ज्युरी पुरस्कार. आणि मला सगळ्यात आवडतं ते अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'चं. २०१४ ला बर्लिनमध्ये त्याला क्रिस्टल बेअर दिला तो मुलांच्याच ज्युरीनं. लहान मुलं बसतात, बघतात आणि ठरवतात. कोकणातल्या एका शाळकरी पोराची गोष्ट जर्मनीतल्या पोरांनी निवडली!

सातरस्ता

'किल्ला'चं माहीत नव्हतं. छान वाटलं.

तरी माझं म्हणणं सोडत नाही, फक्त नीट मांडतो. बघणारा कोण आहे यावर सगळं ठरतं. २०२४ ला कानच्या ज्युरीला जो चित्रपट एवढा आवडला, तो आपल्याकडून ऑस्करला गेला नाही. त्या वर्षी इथल्या निवड समितीत १३ जण होते, सगळे पुरुष. 'लापता लेडीज' पाठवला गेला, तोही चांगलाच आहे. पण मुंबईतल्या नर्सबायांची गोष्ट पारखायला एकही बाई नव्हती, हे मला खटकतं. विडी वळणाऱ्या बाईची फिल्म परदेशातला कोण समजून घेणार? सूप मांडीवर का, हेच त्याला कळणार नाही.

तिसरी_घंटा

सातरस्ता, या वेळी तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मग उपायही त्यातच आहे. ज्यांना सूप मांडीवर का हे कळतं, त्यांना आधी दाखवा. विडी घरकुलात दाखवा. प्रोजेक्टर माझ्याकडे आहे, पडदा म्हणून पांढरी सोलापुरी चादर चालेल. लागला तर साउंडबॉक्स कुणीतरी द्या.

डॉ_होटगीरोड

स्पीकर माझा.

अशोकचौक

मंडळी, उत्तर द्यायला दहा दिवस लागले, पण सांगण्यासारखं घडलंय.

फ्लेक्स लावला नाही. दाजींशी भाचाच बोलला, मी नुसता शेजारी बसलो होतो. दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते दोन नकार दाखव." इंग्रजी पत्रं त्यांनी हातात धरून बघितली. एका पत्रात फिल्मचं नाव, अम्माचं नाव, सगळं बरोबर लिहिलं होतं. ते म्हणाले, "यांनी तरी नाव नीट लिहिलंय." दुसऱ्या दिवशी पोस्टरवरच्या डहाळ्या काढल्या.

गेल्या रविवारी संध्याकाळी विडी घरकुलात खेळ झाला. तिसरी घंटा काका स्वतः प्रोजेक्टर घेऊन रिक्षानं आले. डॉक्टरसाहेब स्पीकर घेऊन आले, सातरस्ताही आले, त्यांनीच सतरंज्या टाकल्या. साठेक बाया, पोरंसोरं वेगळी. काही जणी सूप घेऊनच आल्या होत्या, बघता बघता हात चालूच.

पिक्चर संपला आणि बायांनी सुरुवात केली. एक म्हणाली, पानं कापताना दाखवलंय ती कात्री अम्माची नाही, नवी आहे, जुनीचा दांडा चिंधीनं गुंडाळलेला असतो. खरंच, चांगली दिसावी म्हणून भाच्यानं नवी आणली होती. दुसरी म्हणाली, माल तपासतानाचा भाग फार लवकर संपतो, तिथं तर जीव धाकधूक करतो, तिथं थांबायला पाहिजे होतंस. भाचा खाली बसून सगळं वहीत लिहून घेत होता. अम्मा मागं भिंतीला टेकून बसली होती. तिला विचारलं कसा वाटला, तर म्हणाली, "मी एवढी म्हातारी दिसते होय?" आणि पुन्हा लावायला सांगितला.

मंगळवेढ्याची_ज्वारी

वाचताना डोळे भरून आले. मला यायला हवं होतं.

भाच्या, फिल्म दोनदा पाहिली. माल तपासण्याच्या प्रसंगाबद्दल त्या ताई म्हणतात तेच मी शेऱ्यात लिहिलं असतं. तिथे अजून मिनिटभर कॅमेरा अम्माच्या चेहऱ्यावर राहू दे. आवाजही तपास, पंख्याची घरघर संवादावर चढते. पंखा बंद करून ते दोन संवाद पुन्हा घे.

पुढे कुठे पाठवायची यावर माझं मत असं. यादी छोटी ठेव. फ्रान्समधलं क्लेर्मों-फेराँ आणि जर्मनीतलं ओबरहाउझेन हे लघुपटांचेच महोत्सव आहेत, ओबरहाउझेन तर १९५४ पासून चालू आहे. भारतात बंगळुरूचा लघुपट महोत्सव आणि केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव बघ. प्रत्येकाची नियमावली स्वतः वाच, लांबी किती चालते, फिल्म आधी कुठे दाखवलेली चालते का, ऑनलाइन टाकलेली चालते का. तोवर यूट्यूबवर टाकू नकोस. घरकुलातल्या खेळाची चिंता नको, तो घरचाच.

आणि एक शंका. शेवटच्या चौकटीत अम्मा सूप बाजूला ठेवते आणि 'चालू' म्हणते. मला वाटलं काम अजून चालूच आहे, थांबणं नाही. मी त्यावर अर्धं पान लिहिलं होतं. मग खालच्या इंग्रजी ओळीत काहीच नाही हे बघून गोंधळले.

पॉवरलूम_फिल्म्स

ताई, ते मराठी 'चालू' नाही, तेलुगू आहे. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, बस झालं. अम्मा म्हणतेय की पुरे झालं.

मी सबटायटल टाकलंच नव्हतं, कारण आमच्या घरात तो शब्द सगळ्यांना कळतो. आता लक्षात आलं की मराठी माणसाला तिथं बरोबर उलटं ऐकू येतं.

तिसरी_घंटा

घरकुलात माझ्याही कानाला 'चालू'च आलं होतं! सत्तर वर्षं सोलापुरात काढली, तरी.

सातरस्ता

इंग्रजीत 'इनफ' टाक. मराठी पाटीत 'पुरे'. मूळ आवाज तसाच ठेव.

अशोकचौक

'पुरे' नको वाटतं, पुस्तकी होतं. आमच्याकडे मराठीत बोलताना अम्मा 'बास' म्हणते.

मंगळवेढ्याची_ज्वारी

'बास' घ्या.

पॉवरलूम_फिल्म्स

'बास' घेतोय. जुनी कात्री सापडलीय, चिंधीसकट. या रविवारी सकाळी पुन्हा शूट, अम्मा कामाला बसायच्या आधी. पंखा बंद ठेवणार आहे, तेव्हा येणाऱ्यांनी लवकर या, नऊनंतर पत्रा तापतो.